मुठीच्या भोकातून मेनूकार्ड वाचलं, हे नक्की काय झालं?

गारगोटी

गेल्या रविवारी सासरे आले होते म्हणून सगळे बाहेर जेवायला गेलो. माझा चष्मा गाडीत राहिला आणि गाडी पार दोन गल्ल्या सोडून लावलेली. हॉटेलात हल्लीच्या फॅशनप्रमाणे समईइतका उजेड. मेनूकार्ड लांब धरलं, अजून लांब धरलं, शेवटी हात संपला पण अक्षर काही लागेना. वय 49, जवळचा नंबर +2, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण पोरं हसत होती.

सासऱ्यांनी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवला, मूठ वळली, तर्जनी आवळत आवळत मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक ठेवलं आणि ते डोळ्याला लावून कार्डाकडे बघितलं. "काय दिसत नाही बुवा, अंधार आहे." मग नातीला फोनचा टॉर्च कार्डावर धरायला लावला, परत भोकातून बघितलं आणि खणखणीत आवाजात, "सुरमई तवा फ्राय, बाजारभावाप्रमाणे!" मीही करून बघितलं. खरंच लागतं अक्षर. धूसर, काळपट, पण लागतं.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मला समजलं ते असं. कागदावरच्या एका ठिपक्यातून निघालेला प्रकाश डोळ्याच्या अख्ख्या बाहुलीतून आत शिरतो, म्हणजे एका ठिपक्याचा किरणांचा एक जुडगाच आत येतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग जवळचं बघताना फुगतं आणि हा जुडगा मागच्या पडद्यावर एका बिंदूत आणून बांधतं. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं. किरण एकत्र येणार असतात पडद्याच्या मागे, पण पडदा आधीच आडवा येतो. मग ठिपक्याऐवजी चकती उमटते आणि शेजारशेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळून अक्षराचं पिठलं होतं.

चकती किती मोठी हे दोन गोष्टींवर ठरतं. ताकद किती डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर त्यातच असतो) कमी पडते आणि जुडगा किती रुंद आहे. साधा गुणाकार आहे, आणि पसारा कार्डावर मोजायचा तर कार्डाच्या अंतरानेही गुणायचं. माझी बाहुली त्या उजेडात 4 मिमी धरली, तूट 2 डायॉप्टर, कार्ड 40 सेंमीवर म्हणजे 0.4 मीटर: 4 × 2 × 0.4 = 3.2. म्हणजे कार्डावरचा प्रत्येक ठिपका 3.2 मिमीभर पसरल्यासारखा दिसणार. अक्षराची उंचीच 2 मिमी! आता मुठीचं भोक 1 मिमी धरा. पसारा 0.8 मिमी. अक्षर वाचवलं.

भोकाने काहीही वळवलं नाही, नंबर होता तोच आहे. त्याने फक्त जुडग्यातले कडेचे किरण फेकून दिले. गणित बरोबर आहे का जाणकारांनी सांगावं. आणि इतकं सोपं असेल तर आपण सगळे भोकाचेच चष्मे का घालत नाही?

मुक्कामपोस्ट

आधी हॉटेल कुठलं ते सांगा. आणि सुरमई कशी होती? बाजारभाव म्हणजे शेवटी किती लागला?

निवृत्त_नंबरवाला

गणित बरोबर आहे. लोकांचे नंबर काढण्यात तीस वर्षं गेली, तेव्हा थोडं दुकानातलं सांगतो.

आमच्या ट्रायल पेटीत एक काळी चकती असते, मधोमध साधारण 1 ते सव्वा मिमीचं भोक. तिला पिनहोलच म्हणतो. समोरचा म्हणाला की दिसत नाही, तर काचा लावत बसण्याआधी ही चकती डोळ्यापुढे धरायची. तक्त्यावर दोन ओळी खाली उतरला तर निर्धास्त व्हायचं, हे काचेने सुटणारं प्रकरण आहे. प्लस असो, मायनस असो, सिलिंडर (उभ्या-आडव्या दिशेला वेगळा नंबर) असो, भोकाला सगळे सारखेच. चकतीतूनही सुधारणा नाही, तर बहुतेक वेळा मामला मोतीबिंदू, पडदा किंवा नसेचा. त्याला काच विकायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. काचा बदलून बदलून दहा मिनिटांत जे कळत नाही ते ही चकती दहा सेकंदांत सांगते.

एक आजोबा चकतीतून शेवटची ओळ वाचून इतके खूश झाले की म्हणाले, "हाच द्या. काच नकोच, स्वस्तात पडेल."

का नाही देत? तुमच्या सासऱ्यांनी उत्तर दिलंच आहे: "अंधार आहे." बाहुली 4 मिमी, भोक 1 मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट कमी आणि उजेडही सोळापट कमी. वर कडेचं काही दिसत नाही. असला चष्मा लावून लक्ष्मी रोड ओलांडून दाखवा.

चिंचोका

आमच्या आजीचं कोडं आज सुटलं! ती सुई कधीच आत ओवायची नाही. दिवेलागणीनंतर तर हातच लावायची नाही, "उद्या सकाळी बघू" म्हणायची. सकाळी उंबऱ्यात बसून, तोंड अंगणाकडे, दोरा थुंकीने टोकदार करून एका झटक्यात ओवायची. तांदूळ निवडायचे तेही ओटीवर. मला वाटायचं भरपूर उजेड हवा म्हणून. पण उजेडाने बाहुली लहान होते, म्हणजे तीही डोळ्यात भोकच पाडत होती की!

गारगोटी

@चिंचोका, अगदी. स्वयंपाकघरात बाहुली 4 मिमी आणि उंबऱ्यात 2 असेल तर पसारा सरळ निम्मा. शिवाय उजेड वाढल्याने काळं-पांढरं ठळक होतं ते वेगळंच. मुठीच्या भोकात उजेड गमवावा लागतो, आजीच्या युक्तीत उजेड वाढवून भोक मिळतं. आजी पुढे आहे.

निवृत्त_नंबरवाला

आजीच्या बाजूने आणखी एक. वयाबरोबर बाहुली लहान होते, अंधारातही पूर्वीसारखी उघडत नाही, आणि भिंगही पिवळट होत जातं. साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो असं आम्हाला शिकवलं होतं. घरात म्हातारं माणूस सारखं "दिवा लावा रे" म्हणत असेल तर त्याला कटकट्या म्हणू नका.

तिरपागडा

मी ॲल्युमिनियम फॉइलला सुईच्या टोकाने अगदी बारीक, 0.3 मिमीच्या आसपास भोक पाडलं. वाटलं अजून झकास दिसेल. भर उन्हात बघितलं तरी अक्षरं उलट जास्त मऊ झाली. गारगोटीरावांच्या सूत्राप्रमाणे पसारा 0.24 मिमी यायला हवा होता. सूत्र फेल?

गारगोटी

सूत्र फेल नाही, अर्धवट आहे. प्रकाश ही लाट आहे ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. लाट बारीक भोकातून गेली की बाजूला पसरते, याला विवर्तन म्हणतात. भोक जितकं बारीक तितका हा पसारा जास्त. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 550 नॅनोमीटर धरली तर 1 मिमीच्या भोकाने 40 सेंमीवर 0.27 मिमीचा मऊपणा येतो, तुमच्या 0.3 मिमीच्या भोकाने जवळपास 0.9 मिमीचा. एक पसारा भोकाबरोबर कमी होतो, दुसरा वाढतो. माझ्या नंबरासाठी दोघांची गाठ साधारण 0.6 मिमीला पडते, त्याच्या खाली गेलं की तोटाच. नंबरवाल्यांच्या चकतीचं भोक 1 मिमीच्या आसपास का, ते आता मला कळलं.

आयुष्मान_भव

निसर्गाने दिलेल्या डोळ्यांना काचेच्या कुबड्या लावायच्याच कशाला? ऑनलाइन अनेक भोकांचे चष्मे मिळतात. रोज अर्धा तास वापरून त्राटक (एकटक बघण्याची साधना) केलं की सहा महिन्यांत चाळिशी जाते, आमच्या शेजाऱ्यांची गेली.

निवृत्त_नंबरवाला

चष्मा डोळ्यावर आहे तोवर भोकं काम करतात, वर सगळं गणित दिलंय. काढला की नंबर जागच्या जागी. शेजाऱ्यांचा नंबर आधी आणि नंतर कुणी मोजला होता का? कधीकधी असं होतं की माणसाचा दूरचा नंबर हळूहळू मायनसकडे सरकतो, भिंगात मोतीबिंदू पिकू लागल्यावर तर बऱ्याचदा. मग जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि घरात पेढे वाटतात. ते बरं होण्याचं लक्षण नाही.

चाळिशी स्नायू आळशी झाल्याने येत नाही, भिंग कडक झाल्याने येते. दहा वर्षांच्या पोराचा डोळा बारा-चौदा डायॉप्टरने ताकद वाढवू शकतो, चाळिशीत चार-पाच उरतात, साठीत एखादा. व्यायामाने दगडाची कणीक होत नाही.

त्राटकाबद्दल माझं म्हणणं नाही, मन शांत होत असेल. सूर्याकडे बघून मात्र कुणी करू नये. भोकातून तर अजिबात नाही, पडदा भाजतो आणि भाजताना दुखतही नाही.

चिंचोका

मग ते मध्यंतरी पेपरात आलेले चष्मा घालवणारे थेंब?

निवृत्त_नंबरवाला

पायलोकार्पिन. काचबिंदूवरचं जुनं औषध, बाहुली आक्रसते. म्हणजे हा धागाच बाटलीत भरलाय. अमेरिकेत चाळिशीसाठी असे थेंब 2021 च्या ऑक्टोबरात मंजूर झाले. आपल्याकडे 2024 च्या सप्टेंबरात मुंबईच्या एका कंपनीच्या थेंबांचा गाजावाजा झाला आणि भलतेच दावे केले म्हणून औषध नियंत्रकांनी थोड्याच दिवसांत परवानगी स्थगित केली. काही तास परिणाम राहतो, संध्याकाळी अंधारल्यासारखं वाटतं, काहींचं कपाळ दुखतं, क्वचित पडदा सुटल्याचीही नोंद आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

साडेतीन_शहाणे

धागा भारी. वाखुसा (वाचनखूण साठवली). थोडं जुनं सांगतो.

आपल्याकडे न्यायदर्शनाचं (तर्कावर भर देणारी जुनी विचारपरंपरा, तिचे लोक ते नैयायिक) मत होतं की डोळा हे तेजाचं इंद्रिय आहे आणि डोळ्यातून किरण निघून वस्तूला जाऊन भिडतात. पुरावा काय, तर रात्री मांजरासारख्या प्राण्यांचे डोळे चमकतात, किरण दिसतातच की! (ती चमक परतलेल्या उजेडाची असते. मांजराच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो.) बौद्धांनी यावर झकास खोडा घातला होता. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र डोळे उघडताच एकदम दिसतात. किरण जाऊन भिडत असतील तर फांदी आधी आणि चंद्र उशिरा दिसायला नको? नैयायिक म्हणाले, तेज इतकं वेगवान आहे की फरक कळत नाही. आज बघितलं तर वेगाबद्दल नैयायिक बरोबर आणि दिशेबद्दल चूक. चंद्रावरून उजेड इकडे यायला सव्वा सेकंद लागतो.

ग्रीकांमध्ये युक्लिड, टॉलेमी यांचंही मत डोळ्यातून किरण जाण्याचंच. हे उलटं फिरवलं ते इब्न अल-हैथमने, इसवी सन 1000 नंतरच्या काही दशकांत, कैरोत. अंधारी खोली, भिंतीला एक भोक, बाहेर ओळीने दिवे. आत भिंतीवर तितकेच ठिपके. एक दिवा झाकला की एकच ठिपका जातो. म्हणजे सगळ्यांचा उजेड एकाच भोकातून जातो आणि तरी एकमेकांत कालवला जात नाही. मात्र डोळ्यात चित्र उलटं उमटतं हे त्याला पटलं नाही, ते 1604 साली केप्लरने मान्य केलं. पुढे 1637 मध्ये देकार्तने तर प्रयोगाची कृतीच लिहून ठेवली. बैलाचा डोळा घ्या, मागची सालं सोला, तिथे अंड्याचं पातळ टरफल लावा आणि डोळा खिडकीच्या भोकात बसवा. टरफलावर बाहेरचा रस्ता उलटा दिसतो.

मुक्कामपोस्ट

मग आपल्याला जग उलटं का दिसत नाही?

साडेतीन_शहाणे

कारण आत बसून ते चित्र बघणारा दुसरा कुणी नाही. मेंदूला फक्त कुठल्या पेशीवर उजेड पडला ते कळतं, आणि त्या पेशीचा अर्थ "वर" की "खाली" हे तोच ठरवतो.

विहिरीतला_बेडूक

आम्ही कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. काका तळाशी रुपयाचं नाणं टाकायचे. पाणी काचेसारखं, काठावरून नाणं दिसायचं, आणि आत बुडी मारून डोळे उघडले की नुसता पांढरा डाग. भोकाने हे पण सुधरेल का?

गारगोटी

सुधरेल, पण तूट प्रचंड आहे. डोळ्याची एकूण ताकद साठ डायॉप्टरच्या आसपास, त्यातले 43 एकट्या बाहेरच्या पारदर्शक काचेचे, म्हणजे शाळेतल्या पारपटलाचे. उरलेली ताकद डोळ्यातल्या भिंगाची, आणि जवळ-दूरची बारीक जुळवाजुळवही तेच करतं. पारपटलाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वळवतो तो आकडा) 1.38, पाण्याचा 1.33. हवेतून येणारा किरण तिथे झोकात वळतो, पाण्यातून येणाऱ्याला वळायला कारणच उरत नाही. म्हणजे पाण्यात गेलात की +40 चा नंबर लागला समजा. पोहण्याचा गॉगल डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवतो, बाकी त्यात काही नाही.

साडेतीन_शहाणे

याच गोष्टीचा लंडनच्या टॉमस यंगने 1801 मध्ये उपयोग करून घेतला. जवळचं बघताना पारपटल जास्त वळतं की आतलं भिंग फुगतं, असा वाद होता. पठ्ठ्याने पाणी भरलेली नळी डोळ्याला लावली, पारपटलाची ताकद पुसून टाकली आणि बाहेरून तेवढ्या ताकदीचं भिंग लावलं. जवळ-दूर जुळवता येणं तसंच राहिलं. म्हणजे आतलं भिंगच.

आणि बेडूकराव, अंदमानच्या समुद्रात, थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्याला मोकेन लोक राहतात. त्यांची पोरं पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी शिंपले वेचतात. स्वीडनच्या ॲना गिस्लेन यांनी 2003 मध्ये मोजलं तर ती युरोपीय पोरांच्या दुप्पट बारीक तपशील बघत होती. कसं? भिंग पूर्ण फुगवायचं आणि बाहुली 2 मिमीच्या आत आक्रसायची. पुढे युरोपीय पोरांनाही सरावाने ते जमलं. तुमच्या काकांनी नाणी थोडी जास्त टाकली असती तर...

विहिरीतला_बेडूक

काका कोल्हापुरी, पण खिसा घट्ट.

शब्दवेल्हाळ

अवांतर, पण राहवत नाही. बाहुलीला बाहुली का म्हणतात? समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघा, काळ्या गोलात आपलीच इवलीशी मूर्ती दिसते. संस्कृतात कनीनिका, तिथेही छोटी मुलगी. लॅटिनमध्ये पुपिल्ला, तिथेही छोटी मुलगी, बाहुलीच. कुणी कुणाचं ढापलं म्हणायची गरज नाही, आया सगळीकडे लेकरांच्या डोळ्यात बघतातच. खरं तर ती मूर्ती बाहुलीमुळे नसतेच, पारपटलाच्या फुगीर आरशामुळे दिसते, मागचा काळोख फक्त तिला उठाव देतो.

आणि मायोपिया हा ग्रीक शब्द "डोळे मिटणं" यावरून आलाय. मायनसवाले फळा वाचताना डोळे किलकिले करायचे ना, तेही या धाग्याचंच काम, पापण्यांची फट.

निवृत्त_नंबरवाला

मायनसवाल्यांना पन्नाशीनंतर चैन असते. −2.5 नंबरवाला चष्मा कपाळावर सरकवून 40 सेंमीवरचा पेपर आरामात वाचतो आणि आमच्यासारख्यांना चिडवतो.

कौलारू

माझा एक प्रश्न. माहेरी गुहागरकडे जुनं कौलारू घर आहे. दुपारी माजघरात कौलांच्या फटीतून कवडसे पडतात. फटी वेड्यावाकड्या, तिकोनी, चिरलेल्या, पण कवडसे भाकरीसारखे गोल. आंब्याखालीही तसंच. पानांच्या फटी काय गोल असतात?

गारगोटी

ताई, तो फटीचा आकार नाहीच, तो सूर्याचा फोटो आहे! फटीच्या प्रत्येक बिंदूतून जमिनीवर सूर्याची एक गोल प्रतिमा पडते. फट लहान आणि जमीन लांब असेल तर हे सगळे गोल जवळपास एकावर एक बसतात आणि फटीचा आकार पुसून जातो. 26 डिसेंबर 2019 च्या ग्रहणात महाराष्ट्रात सूर्य कोरीसारखा दिसला, तेव्हा झाडाखाली हजारो चंद्रकोरी पडल्या होत्या, अनेकांनी फोटो काढलेत.

माहेरी जाल तेव्हा एक करा. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून कवडसा त्याच्या फटीपासून जितका लांब, त्याच्या 108 व्या भागाइतका रुंद पडतो. पुठ्ठा कवडशाला काटकोनात धरा, तिरका नाही, आणि पट्टीने मोजा.

कौलारू

आले जाऊन. बाबा (वय 74) माझ्यापेक्षा जास्त पेटले. सकाळी साडेदहाचा कवडसा निवडला, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा किरणाला आडवा धरला. रुंदी 33 मिमी. बाबा शिडीवर चढले, फट बघितली, "दोन मिलिमीटरची असेल." 33 मधून फटीचे 2 वजा केले, 31 गुणिले 108, आलं 3 मीटर 35 सेंमी. मग फटीपासून पुठ्ठ्यापर्यंत सुतळी ताणली आणि टेपने मोजली. 3 मीटर 40! बाबांनी दोनदा मोजलं, त्यांना टेपचाच संशय.

तेवढ्यात ढग आला. गोलाच्या एका कडेने काळं सरकत आत आलं आणि हळूहळू सगळा कवडसा खाऊन टाकला. बाबा अंगणात जाऊन बघून आले, "अगं, वर ढग घाटाकडे चाललाय आणि तुझ्या पुठ्ठ्यावर समुद्राकडे!" उलटं चित्र, माजघरात, आमच्याच पुठ्ठ्यावर. एवढी वर्षं त्या कवडशात आम्ही नुसती धूळ बघत बसायचो.

आई इतका वेळ कोकमं वाळत घालत होती. ती आतून म्हणाली, "बघून झालं असेल तर ते कौल तेवढं बदलून घ्या. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय."